मुक्काम पोस्ट काशीमिरा

मी मीरा रोडला राहतो असे सांगितले, की पुण्याचे आमचे स्नेही मोठ्या सहानुभूतीने विचारतात, "तिकडे पाहण्यासारखं काय आहे हो?" या प्रश्नासाठी माझ्यापाशी एक तयार यादी आहे. पश्चिमेला उत्तनचा समुद्रकिनारा नि तिथली कोळ्यांची वस्ती. उत्तरेला वसईची खाडी. पूर्वेला घोडबंदरचा किल्ला, पोर्तुगीजांनी बांधलेला नि 1737 साली मराठ्यांनी घेतलेला. आणि इमारतींच्या तावडीतून अजून सुटून राहिलेली थोडी मिठागरे. यादी ऐकून मंडळी "एकदा यायलाच हवं" म्हणतात, आणि येत नाहीत. मीही फार आग्रह करीत नाही. चौदा वर्षांत तो किल्ला मी स्वतः एकदाच पाहिला आहे. तोही महाविद्यालयाच्या सहलीबरोबर, म्हणजे सारा वेळ मुले मोजण्यात गेला.

या गावातली जी जागा मला इंच न इंच ठाऊक आहे, ती कुठल्याच यादीत नाही. काशीमिरा नाक्यापलीकडे हमरस्त्याच्या कडेला वीस-पंचवीस पावलांची जमीन आहे. तेल पिऊन पिऊन ती डांबरासारखी काळी झाली आहे. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्या जमिनीवर, एका बाद टायरावर बसून, मी तीन दिवस काढले.

त्याचे असे झाले. आमचे थोरले बंधू सिन्नरला असतात. त्यांचा एक ट्रक आहे, 1998 सालचा. टाटांचा 1613. मला वर्षानुवर्षे वाटत असे, की हा कारखान्यातला अनुक्रमांक असावा. पण दादाने एकदा त्याचा विग्रह करून सांगितला: सोळा म्हणजे मालासकट वजन सोळा टन, आणि तेरा म्हणजे एकशे तीस अश्वशक्ती. सामासिक शब्दच म्हणायचा. मी मराठीचा प्राध्यापक, पण इतका आटोपशीर समास माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

ट्रक घेतला त्या साली मी अकरावीत होतो. वडील नुकतेच गेले होते. दादाने आपले शिक्षण केव्हाच सोडले होते. माझे मात्र सुटू दिले नाही. बी.ए. झाले, एम.ए. झाले, पुण्यातल्या वसतिगृहाची बिले झाली. ती सारी त्या सहा चाकांवरून आली. प्रबंधाच्या पहिल्या पानावर लोक गुरुजनांचे आभार मानतात, तसे मीही कधीतरी एखाद्या पानावर मागच्या अ‍ॅक्सलचे आभार मानायला हवे होते. पण त्या काळी मला अ‍ॅक्सल म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते.

तर गेल्या वर्षी दादा सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतला माल घेऊन भाईंदरला आला. परतीचा माल ठरलेला होता: स्टीलची भांडी. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने पुष्कळ आहेत. पुढच्या शनिवारी धनत्रयोदशी, म्हणजे सोमवारी माल भरून मंगळवारी नाशिकच्या व्यापाऱ्याच्या दारात पडायला हवा. पण ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने येताना गायमुखच्या घाटात मागून घरघर ऐकू येऊ लागली आणि जळक्या ग्रीसचा वास आला. दादाने कसाबसा ट्रक काशीमिऱ्याच्या ओळखीच्या गॅरेजात उभा केला, रिक्षाने आमच्या घरी आला, आणि दारातच म्हणाला, "मला थंडी वाजतेय." तापमापकात 103 निघाला.

रविवारी सकाळी पांघरुणातून डोके बाहेर काढून त्याने मला हुकूम दिला, "तू नुसता जाऊन बस. मेस्त्रीला काही शिकवू नकोस. फक्त काढलेलं सामान आपल्यासमोर राहील एवढं बघ."

मेस्त्रीला मी शिकवणार ते काय? 'मेस्त्री' हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला, एवढेच!

मीरा रोडहून नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे थांबे मोठे गमतीदार आहेत. सिल्व्हर पार्क, प्लेझंट पार्क अशी नावे. पार्क एकही दिसत नाही. डोक्यावर मेट्रोचा पूल. नाका ओलांडला की मात्र देखावा एकदम बदलतो. समोर राष्ट्रीय उद्यानाचे हिरवे डोंगर, आणि त्यांच्या पायथ्याशी गुजरातकडे जाणारा हमरस्ता. काशी आणि मिरे ही इथली दोन जुनी गावे. रहदारीने त्यांची नावे एकत्र करून टाकली. एकीकडून दहिसरची वाहने, दुसरीकडून वरसाव्याच्या पुलावरून आलेली, तिसरीकडून ठाण्याची. या तिठ्यावर ट्रक दुरुस्त करणारे जमणारच. अरबी घोडे या खाडीत उतरत म्हणून घोडबंदर नाव पडले असे सांगतात. म्हणजे दूरच्या प्रवासाला निघालेल्यांचे खूर नि नाल तपासणारे इथे पूर्वीही असतीलच.

मेस्त्रींना सगळे चाचा म्हणत. महाडकडचे. पासष्टीच्या घरातले, अंगाने काटक, बोलणे कोकणी मुसलमानांचे गोड हेल काढीत. 1974 च्या सुमारास कुर्ल्याला कामाला लागले, तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी 1954 साली करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. तो करार 1969 पर्यंत चालला, आणि तोवरच्या गाड्यांच्या नाकावर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी असे. चाचा त्या चांदणीच्या गाड्यांवर शिकले. आमचा 1613 त्यांच्या हिशेबी कालचे पोर.

"आवाज पाय दाबल्यावर वाढतो की सोडल्यावर?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी दादाला फोन लावला. "दोन्हीला सारखाच. पण गाडी उजवीकडे वळली की वाढतो." चाचांनी मान हलवली. "मग डिफरन्स नव्हे, बेअरिंग. डाव्या अंगाचं."

हे मला एखाद्या वैद्याने नाडी पाहून सांगावे तसे वाटले. पण त्यामागे साधा हिशेब आहे. मधल्या दातेऱ्या चाकांवरचा ताण पाय दाबण्या-सोडण्याबरोबर उलटसुलट होतो, म्हणून त्यांचा आवाज पायाबरोबर बदलतो. चाकाच्या बेअरिंगला इंजिनाशी कर्तव्य नसते, त्याला फक्त भार कळतो. गाडी उजवीकडे वळली की भार डाव्या चाकावर कलतो आणि दुखऱ्या जागेवर बोट पडते.

जॅक लावून ट्रक उचलला, आणि लगेच खाली लोखंडी तिकाटणी सरकवली. तिला 'घोडी' म्हणतात. घोडबंदरच्या वाटेवर घोडीच हवी, असा विनोद मी केला. कोणी हसले नाही. पुढे कळले, नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली शिरलेल्या एका जुन्या सोबत्याची चाचांना त्या क्षणी आठवण होते. त्यानंतर मी विनोद केला नाही.

मग हबच्या तोंडावरचे नट काढून पोऱ्याने आतून एक लांबलचक दांडा उपसला. मी घाबरलो. मला वाटले, आसच बाहेर आला, आता चाक पडणार! चाक हलले नाही. चाचा म्हणाले, "प्रोफेसर, हा दांडा नुसता फिरवायला. वजन याच्यावर नाही." ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलची खुबी इथेच आहे. बाहेरची जाड पोकळ नळी असते, तिला हाउसिंग म्हणतात. गाडीचे सारे ओझे तिच्या टोकांवर, दोन-दोन बेअरिंगांमार्फत. आतला दांडा फक्त चाकाला फिरण्याचा निरोप पोहोचवतो. ओझे वाहणारा वेगळा आणि फिरवणारा वेगळा. त्यामुळे रस्त्यात दांडा मोडला, तरी चाक जागेवर राहते. पण दोन बेअरिंगे आणि त्यांना धरणारा नट यांनीच दगा दिला, तर चाक दांड्यासकट निघून आपल्या वाटेने जाते.

'आस' हा शब्द मी वर सहज लिहून गेलो. बैलगाडीच्या धुरीला आमच्याकडे आस म्हणत. संस्कृतातला अक्ष, मराठीतला आस, लॅटिनमधला आक्सिस आणि इंग्रजीतला अ‍ॅक्सल ही एकाच घरची भावंडे. आसाभोवती फिरतो तो लाकडी तुंबा. त्यालाच चाचा हब म्हणतात. तीर्थरूपांच्या गाडीला बांबूच्या नळीत वंगण टांगलेले असे, आणि लांबच्या गावाला जायचे म्हणजे आदल्या संध्याकाळी चाके काढून आसाला ते चोपडायचे, हे माझे काम. ते नीट झाले नाही की गाडी वाटभर कुरकुरे आणि वडील मागे न पाहता म्हणत, "ऐकतोयस ना?"

पोऱ्याने हब उतरवला तेव्हा वंगणाची ती आठवण मोडली. आतले ग्रीस काळे नव्हते. पांढुरके, ताकासारखे झाले होते. "पाण्यातून नेलीय," चाचा म्हणाले. पावसाळ्यात आमच्या भागात रस्त्यांवर पाणी साचते, हे मुंबईकरांना सांगायला नको. तापलेला हब एकदम थंड पाण्यात गेला, की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. खाडीचे खारे पाणी मिसळलेले असेल तर विचारूच नका. पाण्यातून गाडी काढली की चार दिवसांत हब उघडून पाहावा, असा चाचांचा नियम आहे. चार दिवस गाडी उभी ठेवणे कोणाला परवडते, हा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारला आणि स्वतःच हसले.

बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन त्यांनी माझ्या हातावर ठेवले. आतल्या कड्याभोवती निमुळत्या रुळांची माळ. बाहेरून त्यावर बसणारी वाटी. अमेरिकेत सेंट लुईसला हेन्री टिमकेन नावाचा एक बग्ग्या बनवणारा होता. मालाने भरलेली गाडी वळताना चाकावर आडवा जोर येतो आणि साधे बेअरिंग तो सोसू शकत नाही, हे ध्यानात घेऊन त्याने रूळ निमुळते केले. 1898 चे पेटंट आहे. उभे ओझे आणि आडवा धक्का दोन्ही सोसणारे हे रूळ आज बहुतेक ट्रकांच्या हबात असतात. आमच्या रुळांवर मात्र देवीचे वण उठावेत तसे खड्डे पडले होते, आणि कड्याचा रंग निळसर झाला होता. निळा रंग म्हणजे पोलाद भाजले.

"नवं टाकू," मी शहाणपणाने म्हणालो.

चाचा बोलले नाहीत. त्यांनी हाउसिंगचे उघडे टोक चिंधीने पुसले आणि बॅटरीचा झोत टाकला. जिथे आतले कडे बसते, तिथल्या नळीवर बारीक ठिपके होते. ओळीने, दाट, गोंदल्यासारखे.

त्याचा अर्थ असा. कधीतरी ते कडे नळीवर घट्ट बसायचे सोडून स्वतःच फिरू लागले होते आणि फिरता फिरता त्याने नळी खाल्ली होती. नळी बारीक झाली की नवे बेअरिंगही सैलच बसणार. मग कोणीतरी पंच नि हातोडा घेऊन तिच्यावर ठिपके ठोकले. ठोकलेल्या जागेभोवती धातूच्या बारीक कडा वर येतात, आणि कडे त्यांच्या टोकांवर घट्ट बसल्यासारखे वाटते. पण काही हजार किलोमीटरांत ती टोके चेपतात. कडे पुन्हा फिरू लागते, तापते, पुढच्या नटालाही हळूहळू फिरवू पाहते. कोणत्या गॅरेजातले हे काम, ते मी इथे लिहीत नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

"यावर परत ठोकता येईल," चाचा म्हणाले. "उद्या दुपारी गाडी मोकळी. सिन्नरला जाईल. पुढचं मी सांगत नाही. पण माझ्या हातानं ते करून घेऊ नका. पलीकडे करून देणारे आहेत."

"आणि दुसरा उपाय?"

"हाउसिंग बदलायचं. कुर्ल्याला जुन्या मालात बघावं लागेल. उद्या बाजार उघडल्यावर. म्हणजे गाडी बुधवारी."

मी बाजूला जाऊन दादाला फोन लावला. ठिपक्यांचे सांगितले. मला वाटले, तो संतापेल, त्या गॅरेजवाल्याला शिव्या घालील. पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. मीच सांगितलं होतं ठोकायला."

"तू?"

"तेव्हा धाकटीची नर्सिंगची फी भरायची होती."

दोन वर्षांपूर्वी पुतणी नर्सिंगला गेली, हे मला माहीत होते. पेढे मी खाल्ले होते. फी कुठून आली, हा प्रश्न मला पडला नव्हता. आणि कसारा घाट हा माणूस दर आठवड्याला त्या ठिपक्यांवर उतरत होता आणि चढत होता.

"ठोकून घे रे," दादा म्हणाला. "हा फेरा होऊ दे. दिवाळीनंतर बघू."

माझ्या आयुष्यात मी दादाला नाही म्हटल्याचे मला आठवत नाही. म्हणण्याची वेळच त्याने येऊ दिली नव्हती. मी म्हणालो, "नाही. हाउसिंग बदलतोय."

"माल जाईल."

"जाऊ दे."

"पैसे कोण देणार?"

"मी कशाला बसलोय इथे?"

त्याने फोन ठेवला. दुपारी घरी गेलो, तर बंधुराज भिंतीकडे तोंड करून झोपलेले. आमच्या सौ.ने खुणेने सांगितले, पेज घेतली नाही. व्यापाऱ्याचा निरोप संध्याकाळी आला: भांडी दुसऱ्या गाडीने पाठवतो. बाकी काही नाही. वर्षातला सगळ्यात चांगला फेरा एका वाक्यात गेला.

सोमवारी पोऱ्या कुर्ल्याहून टेम्पोत हाउसिंग घालून आला. ते चाचांनी परत पाठवले. दुसरे आले तेव्हा त्याच्या चारही बैठका त्यांनी कॅलिपर लावून मोजल्या, हाताने चाचपल्या, आणि मगच "चालेल" म्हणाले. मी रजेचा अर्ज फोनवरूनच पाठवला. कारण लिहिले 'घरगुती', ते खोटे नव्हते.

हाउसिंग बदलायचे म्हणजे मधला डिफरन्शियल उतरवणे आले. गाडीवाले त्याला सरळ 'डिफरन्स' म्हणतात, आणि भाषेचा माणूस म्हणून मला हे नाव फार आवडले. तो फरकाचाच कारभार पाहतो. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, आतल्याला कमी. दोन्ही चाके एकाच दांड्याला जखडली, तर एकाला फरपटत जावे लागेल. बैलगाडीला हा प्रश्न नव्हता. तिची चाके आसावर आपापली फिरतात, ओढणारे बैल पुढे असतात. पण इंजिनाने चाकेच फिरवायची ठरवली, तेव्हा पंचाईत झाली. पेकर नावाच्या एका फ्रेंच कारागिराने वाफेच्या गाडीसाठी 1820 च्या दशकाच्या अखेरीस ती सोडवली.

खळ्यावर मळणी चालताना आपण पाहिलेले असेल: तिवड्याला बैलांची पात जोडलेली असते. तिवड्याजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी पावले टाकतो, आणि कडेचा बैल झपाझप चालतो. फेरा मात्र सगळ्यांचा एकच. डिफरन्शियलमधली चार लहान दातेरी चाके हेच करतात. कोणाला किती चालायचे ते वळणाने ठरवावे आणि जोर दोघांना सारखा मिळावा, असा हा न्याय आहे. अर्थात प्रत्येक न्यायाची एक गोची असते. एक चाक खाजणातल्या चिखलात रुतले, की ते बिनकामाचे गरगरत राहते, आणि कोरड्या जमिनीवरचे दुसरे ढिम्म उभे! कारण जोर दोघांना सारखाच द्यायचा. एकजण काडीचाही जोर घेत नसला, की दुसऱ्यालाही तेवढाच मिळतो. आमच्या विद्यापीठीय समित्यांचे काम कसे चालते हे मला त्या दिवशी प्रथमच नीट समजले.

जुने तेल काढले ते काळे, गंधकाच्या वासाचे. ते डब्यात धरून चाचांनी त्यात बोटे फिरवली. चकचकीत भुकटी थोडी असते, ती चालते. तुकडा लागता कामा नये. लागला नाही. मग मोठे क्राऊन आणि त्याला फिरवणारे लहानसे पिनियन उन्हात आले. रिकामा बसलो होतो, म्हणून मी दात मोजले. पिनियनला 6, क्राऊनला 41.

"एक कमी का हो? बेचाळीस केले असते तर हिशेब सरळ झाला असता."

"सरळ हिशेबानं गाडी खराब होते, प्रोफेसर."

आणि त्यांनी दाखवले. बेचाळीस असते, तर पिनियनचा प्रत्येक दात दर फेऱ्यात क्राऊनच्या त्याच त्या सात दातांना भेटला असता. एका दाताला खोड असली, की तेच सात जन्मभर झिजणार. एकेचाळीस ठेवल्याने प्रत्येकाची गाठ फिरून फिरून प्रत्येकाशी पडते, आणि झीज सगळ्यांत वाटली जाते. ही दोघे कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असतात. दोघांवर एकच जोडी-क्रमांक कोरतात. एक बिघडले म्हणून एकच बदलता येत नाही. नवे क्राऊन नि जुने पिनियन चार दिवसांत रडू लागतात.

त्या जोडीची पारख शेंदराने करतात. होय, आपल्या मारुतीचाच शेंदूर! तेलात कालवून चाचांनी तो क्राऊनच्या चार-पाच दातांना लावला, पिनियन हाताने फिरवले, आणि दातांवर शेंदूर जिथे पुसला गेला तो ठसा मला दाखवला. ठसा दाताच्या मध्यावर हवा. टोकाकडे सरकला, की दात एक दिवस ओझ्याखाली तुटणार. आमचा किंचित सरकला होता, कारण पिनियनच्या बेअरिंगला ढील होती. कागदासारख्या पातळ चकत्या घालत-काढत, पुन्हा शेंदूर लावत, पुन्हा फिरवत त्यांनी दुपार घालवली. पाचव्या खेपेला ठसा मधोमध आला. तांदळाच्या दाण्याच्या आकाराचा, स्वच्छ. पोऱ्याने उरलेला शेंदूर गॅरेजच्या खांबावरच्या मारुतीच्या तसबिरीला लावला. चाचांनी त्याला हात धुऊन घ्यायला सांगितले. तो शिशाचा असतो, आणि जेवणाची वेळ झाली होती.

मंगळवारी जुळवाजुळव. हाउसिंगच्या डोक्यावर एक इवलीशी टोपी असते, आतली तापलेली हवा बाहेर सोडायला. जुन्या हाउसिंगवरची ती चिखलाने बुजून दगड झाली होती. हवेला वाट नसली, की ती तेलाला सीलमधून ढकलते. तेल ब्रेकच्या पट्ट्यांवर जाते. आणि मग माणूस म्हणतो, ब्रेक लागला नाही. पाच मिनिटांचे काम, पण ते कोणी करीत नाही. चाचा नवी टोपी फुंकून पाहत म्हणाले, "हिला कोणी विचारत नाही."

बेअरिंगात ग्रीस भरणे हा मात्र सोहळा होता. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा, उजव्या हातात बेअरिंग. त्याची रुंद बाजू तळहाताच्या कडेवर दाबत राहायचे, जोवर ग्रीस रुळांमधून पलीकडे किड्यांसारखे बाहेर येत नाही. वरून चोपडलेले ग्रीस म्हणजे वंगण नव्हे. मी विचारले, "मी करू?" चाचांनी क्षणभर माझ्या बोटांकडे पाहिले आणि एक बेअरिंग पुढे केले. पुढची वीस मिनिटे मी वडिलांच्या गाडीखाली होतो. नंतर हब चढवला. चाक फिरवत फिरवत नट आवळला, म्हणजे रूळ आपापल्या जागी बसतात. मग एखाद्या खाचेइतका मागे सोडला. घट्ट ठेवला तर जळते, सैल ठेवला तर डुलते. शेवटी कुलपी चकती आणि दुसरा नट.

बुधवारी दादाचा ताप उतरला. गॅरेजवर तो आला, काही न बोलता गाडीभोवती फिरला, आणि नव्या हाउसिंगपाशी थोडा वेळ उकिडवा बसला. चाचांनी जुने हाउसिंग भिंतीला टेकवून ठेवले होते, ठिपक्यांची बाजू वर. दोघांनीही तिकडे पाहिले नाही. गाडीच्या वयाबद्दल मी विषय काढला. 2021 साली जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण आले, आणि त्यानंतर पंधरा वर्षांवरच्या ट्रकांच्या तपासणीची फी भलतीच वाढली. तेव्हा आणखी किती दिवस, असे मी विचारले. दादा म्हणाला, "धाकटीचं शेवटचं वर्ष आहे." भाईंदरहून कसलासा अर्धा भार मिळाला होता, तो घेऊन चार वाजता तो निघाला.

मी लहान असताना सुट्टीत दादाबरोबर ट्रकमध्ये जात असे. चहाला गाडी थांबली, की तो खाली उतरून एकेका चाकापाशी वाकायचा आणि हबला हात लावायचा. चारही चाकांना. मला वाटे, तो गाडीला नमस्कार करतो. म्हणून मीही त्याच्या मागून हात लावून कपाळाला लावीत असे. त्याने कधी मला सांगितले नाही, की तो चटका बघतो आहे.

रात्री साडेनऊच्या सुमारास फोन वाजला. इगतपुरीला थांबला होता. मागे गाड्यांचे आवाज येत होते.

"हात लावला," दादा म्हणाला. "डावं मागचं सगळ्यांत गार आहे."

मी काही म्हणणार, तेवढ्यात तो म्हणाला, "ठेवतो. चहा निवतोय."